मेंदूची शस्त्रक्रिया आणि आभासी व संवर्धित वास्तव : प्रतिमा व प्रत्यक्ष अवयव यांतील अंतराचा विचार

गोषवारा

संगणकाने उभी केलेली त्रिमितीय प्रतिमा आज मेंदूच्या शस्त्रक्रियेपूर्वीच्या नियोजनात व प्रशिक्षणात, प्रत्यक्ष शस्त्रक्रियेच्या वेळी मार्गदर्शनासाठी आणि रुग्णाच्या समुपदेशनात व पुनर्वसनात वापरली जाते. या निरनिराळ्या उपयोगांचे मोल मात्र सारखे नाही. कवटी उघडल्यानंतर मेंदू आपली जागा सोडतो. आधी घेतलेली प्रतिमा सोडत नाही. त्यामुळे ज्या क्षणी या तंत्राचा सर्वाधिक गाजावाजा होतो, त्याच क्षणी त्याच्यावर सर्वांत कमी विसंबता येते. प्रस्तुत लेखात या अंतराचे स्वरूप स्पष्ट करून, हे तंत्र कोठे खरोखर उपयुक्त ठरले आहे याचा शोध घेण्याचा प्रयत्न केला आहे.

बीजशब्द : आभासी वास्तव, संवर्धित वास्तव, न्यूरोनेव्हिगेशन, मेंदूचे स्थानांतर, रुग्णसंमती, पुनर्वसन

प्रास्ताविक

मेंदू हा अवयव शल्यचिकित्सकाला इतर अवयवांप्रमाणे हाताळता येत नाही. पोटाच्या शस्त्रक्रियेत आतडे बाजूला सारून त्यामागे काय आहे हे पाहता येते. मेंदूचा एखादा भाग थोडा अधिक बाजूला सारला तरी त्याला इजा पोहोचण्याचा धोका असतो. कवटीला पाडलेल्या काही सेंटिमीटर रुंदीच्या खिडकीतून जेवढा पृष्ठभाग दिसतो तेवढ्यावरून खोलवर दडलेल्या गाठीचा, तिला वेढून असलेल्या रक्तवाहिन्यांचा आणि हालचाल, वाचा, दृष्टी यांचे वहन करणाऱ्या तंतूंचा अंदाज बांधावा लागतो. न दिसणाऱ्या गोष्टीपर्यंत, दिसणाऱ्या गोष्टींना धक्का न लावता पोहोचणे, हा न्यूरोसर्जरीचा मूळ प्रश्न होय. या विद्याशाखेचा गेल्या शतकाचा इतिहास हा बव्हंशी या प्रश्नाच्या उत्तरांचा इतिहास आहे.

अमेरिकेतील वॉल्टर डँडी यांनी १९१८ साली मेंदूतील द्रवाच्या पोकळ्यांत हवा भरून क्ष-किरण चित्रे घेण्याची पद्धत प्रसिद्ध केली. १९२७ साली पोर्तुगालमध्ये एगास मोनिझ यांनी मेंदूच्या रक्तवाहिन्यांचे चित्रण केले. या दोन्ही पद्धतींत गाठ दिसत नसे. पोकळी कोणत्या बाजूला ढकलली गेली आहे किंवा रक्तवाहिनीला कोठे बाक आला आहे, यावरून ती कोठे असावी याचा तर्क करावा लागे. १ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनच्या विम्बल्डन भागातील ॲटकिन्सन मॉर्ली रुग्णालयात गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांच्या यंत्राने एका रुग्णाच्या मेंदूचा पहिला सीटी स्कॅन काढला गेला आणि मेंदूतील गाठ प्रथमच प्रत्यक्ष चित्रात उतरली. या शोधासाठी हाउन्सफील्ड व ॲलन कॉरमॅक यांना १९७९ चे नोबेल पारितोषिक मिळाले. पुढे एमआरआय आला आणि मेंदूच्या मऊ भागांतील बारीक भेदही दिसू लागले.

परंतु सीटी काय किंवा एमआरआय काय, दोन्ही आपल्यासमोर येतात ते सपाट कापांच्या स्वरूपात. पावाच्या लादीचे शेकडो पातळ काप क्रमाने मांडले असता मूळ लादी कशी असेल हे मनाशी जुळवावे, तसे शल्यचिकित्सकाला हे काप मनातल्या मनात जोडून घ्यावे लागतात. हे कसब वर्षानुवर्षांच्या सरावाने येते आणि सर्वांना सारखेच येते असेही नाही. आभासी वास्तवाने या जुळवणीचे काम संगणकाकडे सोपविले. या तंत्राची न्यूरोसर्जरीतील उपयुक्तता जाणून घेताना हा मुद्दा प्रथम लक्षात घ्यावयास हवा.

दोन संकल्पना

इंग्रजीत ज्याला व्हर्च्युअल रिॲलिटी म्हणतात ते आभासी वास्तव आणि ज्याला ऑगमेंटेड रिॲलिटी म्हणतात ते संवर्धित वास्तव, या दोहोंची सामान्य बोलण्यात सरमिसळ होते. आभासी वास्तवात डोळ्यांवर चढविलेले उपकरण बाहेरचे जग पूर्णपणे झाकून टाकते व त्या जागी संगणकाने रचलेले दृश्य दाखविते. मान वळविली की दृश्यही वळते. संवर्धित वास्तवात बाहेरचे जग दिसतच राहते, त्यावर संगणकाची आकृती चढविलेली असते. संवर्धित वास्तवाचा चष्मा घातलेल्या शल्यचिकित्सकाला रुग्णाचे डोके दिसते आणि त्या डोक्याच्या आत, जणू कातडी व कवटी पारदर्शक झाली असावी तशी, गाठीची रंगीत आकृतीही दिसते. पॉल मिलग्रम व फुमिओ किशिनो यांनी १९९४ साली या दोन्ही संकल्पना एकाच अखंड पट्टीवर मांडल्या : पट्टीच्या एका टोकाला निखळ वास्तव, दुसऱ्या टोकाला निखळ आभास आणि मध्ये त्यांचे निरनिराळ्या प्रमाणांतील मिश्रण.

डोक्यावर घालावयाचे असे उपकरण आयव्हन सदरलँड यांनी १९६८ सालीच तयार केले होते. ते इतके जड होते की छताला टांगावे लागे. संवर्धित वास्तव ही संज्ञा १९९० च्या सुमारास बोइंग कंपनीत रूढ झाली. विमानातील तारांची जोडणी करणाऱ्या कामगारांना आकृती डोळ्यांसमोरच दिसावी हा तेथील हेतू होता. न्यूरोसर्जरी या बाबतीत या संज्ञेच्याही पुढे होती, ही गोष्ट फारशी सांगितली जात नाही. अमेरिकेतील डार्टमथ येथे डेव्हिड रॉबर्ट्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८६ साली सीटी स्कॅनमधील गाठीची बाह्यरेषा शस्त्रक्रियेच्या सूक्ष्मदर्शकातच दिसावी अशी व्यवस्था प्रसिद्ध केली. सूक्ष्मदर्शकातून मेंदू पाहत असतानाच शल्यचिकित्सकाला त्यावर गाठीची कड रेखलेली दिसे. आज ज्याला संवर्धित वास्तव म्हटले जाते त्याचे सारे घटक या व्यवस्थेत होते. फक्त ते नाव नव्हते.

जुळवणीचे गणित

रॉबर्ट्स यांच्या प्रयोगापूर्वी मेंदूतील बिंदू नेमका गाठण्यासाठी धातूची चौकट वापरली जात असे. १९०८ साली हॉर्सली व क्लार्क यांनी प्राण्यांच्या मेंदूसाठी अशी चौकट बनविली, १९४७ साली फिलाडेल्फियातील स्पीगल व वायसिस यांनी ती पद्धत मनुष्यावर वापरली आणि १९४९ साली स्वीडनमधील लार्स लेक्सेल यांनी आपली चौकट प्रसिद्ध केली. चौकट कवटीला स्क्रूने घट्ट बसविली की मेंदूतील प्रत्येक बिंदूला लांबी, रुंदी व खोली अशा तीन अंकांचा पत्ता मिळतो. शाळेत भूमितीच्या वहीत आपण आलेखावर बिंदू मांडतो, तत्त्व तेच.

चौकटीविना हेच काम करणाऱ्या यंत्रणेस न्यूरोनेव्हिगेशन म्हणतात. शस्त्रक्रियेपूर्वी घेतलेल्या एमआरआयमधील काही खुणा, उदाहरणार्थ नाकाचा उंचवटा, डोळ्यांचे कोपरे किंवा कातडीवर चिकटविलेल्या टिकल्या, आणि प्रत्यक्ष रुग्णाच्या डोक्यावरील त्याच खुणा यांची संगणकात जोडी लावली जाते. यानंतर अवरक्त किरणांचा कॅमेरा शल्यचिकित्सकाच्या हातातील उपकरण कोठे आहे हे सतत टिपतो व ती जागा पडद्यावरील एमआरआयवर दाखवितो. मोटारीतील नकाशायंत्र रस्त्यावरील गाडीची जागा दाखविते, त्याच धर्तीवर हे काम चालते. या जोडी लावण्याच्या क्रियेला आपण जुळवणी म्हणू. संवर्धित वास्तवाच्या चष्म्यातील आकृती कितीही देखणी असली, तरी ती या जुळवणीइतकीच खरी असते. जुळवणी दोन मिलिमीटरने चुकली तर आकृतीही दोन मिलिमीटरने चुकते. आणि ती तितक्याच ठसठशीतपणे, तितक्याच आत्मविश्वासाने दिसत राहते. नेव्हिगेशन यंत्रणांमध्ये दोन-तीन मिलिमीटरांची चूक सर्वसाधारण मानली जाते. गाठ मोठी व पृष्ठभागाजवळ असेल तर ही चूक निभावून जाते. मेंदूच्या देठाजवळ मात्र तेवढे अंतर हे चालता येणे आणि न येणे यांमधील अंतर असू शकते.

मेंदू जागा सोडतो

या चुकीहून मोठी अडचण निराळीच आहे. एमआरआय घेतला जातो तेव्हा कवटी बंद असते आणि मेंदू मस्तिष्कमेरुद्रवात जणू तरंगत असतो. शस्त्रक्रियेत कवटीचा तुकडा काढला जातो, त्याखालील जाड आवरण उघडले जाते आणि हा द्रव वाहून जातो. तरंगण्याचा आधार गेला की मेंदू स्वतःच्या वजनाने खाली बसतो. सूज कमी व्हावी म्हणून दिलेल्या औषधांनी तो थोडा आकसतो. गाठीचा काही भाग काढला की उरलेल्या पोकळीच्या भिंती आत येतात. काही रुग्णांत याउलट, सुजलेला मेंदू खिडकीतून बाहेर डोकावू लागतो. १९९८ साली रॉबर्ट्स यांच्याच गटाने २८ शस्त्रक्रियांतील मोजमापे प्रसिद्ध केली. त्यांत मेंदूच्या पृष्ठभागाचे स्थानांतर सरासरी सुमारे एक सेंटिमीटर आढळले व ते मुख्यतः गुरुत्वाकर्षणाच्या दिशेने होते. ज्यांनी बारा वर्षांपूर्वी प्रतिमा मेंदूवर चढवून दाखविली होती, त्यांनीच ती प्रतिमा किती सरकते हेही मोजून दाखविले. शास्त्रीय प्रामाणिकपणाचा हा एक चांगला नमुना होय.

थोडक्यात, जुळवणीची चूक दोन मिलिमीटरांची असली तरी शस्त्रक्रियेच्या मध्यावर प्रतिमा आणि मेंदू यांत त्याच्या अनेक पट अंतर पडलेले असू शकते. चष्म्यात दिसणारी गाठ ही आज सकाळची किंवा कालची गाठ असते. शल्यचिकित्सकाच्या हाताखाली असते ती आताची.

यावर उपाय शोधले गेले आहेत. शस्त्रक्रियागृहातच एमआरआय यंत्र बसवून मध्येच नवे चित्र घेणे हा त्यांतील सर्वांत नेमका व सर्वांत खर्चिक उपाय. बोस्टनच्या ब्रिगहॅम अँड विमेन्स रुग्णालयात १९९० च्या दशकात त्याचा आरंभ झाला. अल्ट्रासाउंडने वारंवार चित्र घेणे हा स्वस्त पर्याय आहे, पण त्यातील चित्र वाचण्यास सराव लागतो. मेंदू कसा सरकेल याचे गणिती प्रारूप मांडून प्रतिमा त्याप्रमाणे वाकविण्याचे प्रयत्नही चालू आहेत.

येथे एका वेगळ्या पद्धतीचा उल्लेख अवांतर वाटला तरी करणे आवश्यक आहे. फाइव्ह-एएलए नावाचे औषध रुग्णाला भूल देण्यापूर्वी काही तास पाजले जाते. ग्लायोमा जातीच्या घातक गाठीच्या पेशी त्यापासून असा पदार्थ साठवितात, जो निळ्या प्रकाशात गुलाबी-तांबडा चमकतो. जर्मनीतील वॉल्टर श्टुमर व सहकाऱ्यांनी २००६ साली प्रसिद्ध केलेल्या चाचणीत, या औषधाचा वापर केलेल्या रुग्णांपैकी ६५ टक्के रुग्णांत एमआरआयवर उजळ दिसणारी गाठ पूर्ण काढता आली. नेहमीच्या प्रकाशात शस्त्रक्रिया झालेल्यांत हे प्रमाण ३६ टक्के होते. यात संगणक नाही, चष्मा नाही. परंतु प्रकाश गाठीतूनच येत असल्याने मेंदू सरकला की खूणही त्याच्याबरोबर सरकते. प्रस्तुत लेखकाच्या मते संवर्धित वास्तवाच्या कोणत्याही नव्या दाव्याची तुलना या साध्या कसोटीशी व्हावयास हवी : दाखविलेली खूण अवयवाबरोबर सरकते की नाही?

हाड मात्र सरकत नाही

हीच कसोटी लावली असता संवर्धित वास्तवाचे यश मेंदूपेक्षा पाठीच्या कण्यात आधी का आले, याचा उलगडा होतो. मणका हाडाचा असतो; कातडी व स्नायू बाजूला केल्याने त्याचा आकार बदलत नाही. कण्यातील मणके एकमेकांच्या तुलनेत हलू शकतात हे खरे, पण प्रत्येक मणका स्वतःपुरता ताठ असतो आणि त्याला खूण जोडून त्याचा माग ठेवता येतो. ऑगमेडिक्स या कंपनीच्या चष्म्यास अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने डिसेंबर २०१९ मध्ये मान्यता दिली. जून २०२० मध्ये बाल्टिमोर येथील जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात टिमोथी विथॅम यांच्या नेतृत्वाखालील गटाने तो वापरून एका रुग्णाच्या कण्यात सहा स्क्रू बसविले. मज्जारज्जूच्या शेजारील हाडाच्या अरुंद खांबातून हे स्क्रू न्यावयाचे असतात. दिशा थोडी चुकली तर मज्जातंतू दुखावतो. पडद्याकडे मान वळवावी न लागता, नजर रुग्णाच्या पाठीवर ठेवूनच आतील हाड पाहता येणे, हा या चष्म्याचा मुख्य लाभ.

महाराष्ट्राचा या विषयाशी एक जुना संबंध आहे. कवटीखालील पहिले दोन मणके परस्परांपासून निसटले असता ते पट्टी व स्क्रूने जोडण्याची पद्धत मुंबईच्या केईएम रुग्णालयातील अतुल गोयल व लाहेरी यांनी १९९४ साली प्रसिद्ध केली आणि ती जगभर स्वीकारली गेली. मेंदूला रक्त पुरविणारी धमनी त्या जागी स्क्रूच्या अगदी लगत असते. ही पद्धत शरीररचनेच्या सूक्ष्म ज्ञानावर उभी राहिली. आजचा चष्मा हे ज्ञान डोळ्यांसमोर आणू शकतो. ते नसलेल्या माणसाच्या हाती ते देऊ शकत नाही.

पाहणाऱ्याचे लक्ष

प्रतिमा अचूक असली तरी एक प्रश्न उरतो, तो पाहणाऱ्याच्या मनाचा. कॅनडातील टोरांटो येथील संशोधकांनी २०१३ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. ३२ शल्यचिकित्सकांना मृतदेहावर दुर्बिणीद्वारे एका ठराविक बिंदूपर्यंत पोहोचण्यास सांगण्यात आले. काहींना साधे दृश्य दिले, तर काहींना त्यावर शरीररचनेच्या रेषा चढविलेले दृश्य दिले. बिंदूजवळच एक गंभीर इजा व एक बाहेरची वस्तू, म्हणजे स्क्रू, मुद्दाम ठेवलेली होती. रेषा दिसणारे शल्यचिकित्सक बिंदूपर्यंत अधिक अचूक पोहोचले. पण समोरची गंभीर इजा त्यांच्यापैकी एकाच्याही लक्षात आली नाही; साधे दृश्य पाहणाऱ्यांपैकी काहींच्या मात्र ती लक्षात आली. मानसशास्त्रात याला अनवधानजन्य अंधत्व म्हणता येईल : डोळे उघडे असतात, वस्तू समोर असते, पण लक्ष दुसऱ्या गोष्टीत गुंतलेले असल्याने ती दिसत नाही. मेंदूच्या शस्त्रक्रियेत अनपेक्षित गोष्ट म्हणजे बहुधा रक्तस्राव. सुंदर रेषांच्या मागे तो उशिरा दिसणे परवडणारे नाही.

डोळ्यांच्या रचनेचीही एक अडचण आहे. संशोधनात बराच वापरला गेलेला मायक्रोसॉफ्टचा होलोलेन्स हा चष्मा आकृती सुमारे दोन मीटर अंतरावर स्पष्ट दिसेल अशा बेताने बनविला होता. शल्यचिकित्सकाचे हात मात्र डोळ्यांपासून हातभराच्या आत काम करीत असतात. दोन्ही एकाच वेळी स्पष्ट दिसत नाहीत. डोळ्यांवर ताण येतो आणि खोलीचा अंदाज चुकतो. म्हणूनच सूक्ष्मदर्शकात प्रतिमा चढविण्याची जुनी पद्धत अजूनही न्यूरोसर्जनना अधिक सोयीची वाटते.

शस्त्रक्रियेपूर्वी

कवटी उघडण्यापूर्वी हे सारे प्रश्न गौण ठरतात, कारण तेव्हा प्रतिमा प्रत्यक्ष मेंदूवर चढवावयाची नसते. मेंदू अजून जागेवर असतो आणि प्रतिमाही त्याच स्थितीची असते. आभासी वास्तवाचा सर्वांत निर्विवाद उपयोग येथे झाला आहे. इस्रायली हवाई दलात विमानोड्डाणाच्या सराव-यंत्रांवर काम केलेल्या दोन अधिकाऱ्यांनी सर्जिकल थिएटर ही कंपनी अमेरिकेतील क्लीव्हलँड येथे काढली. वैमानिक उड्डाणापूर्वी मोहिमेचा सराव करतो, मग शल्यचिकित्सकाने त्याच रुग्णाच्या मेंदूवर आधी सराव का करू नये, हा त्यांचा प्रश्न होता. रुग्णाच्या स्वतःच्या सीटी व एमआरआयपासून बनविलेल्या प्रतिमेत शल्यचिकित्सक जणू आत शिरून गाठीच्या मागील बाजूने पाहू शकतो, रक्तवाहिनीवरील फुग्याची मान कोणत्या कोनातून चिमट्यात सापडेल हे तपासू शकतो आणि कवटीची खिडकी कोठे पाडावी हे ठरवू शकतो.

याचे सर्वांत बोलके उदाहरण २०२२ सालचे आहे. ब्राझीलमधील रिओ द जानेरो येथील पाऊलो नीमेयर मेंदू संस्थेत डोक्याने परस्परांना जोडलेल्या, जवळजवळ चार वर्षे वयाच्या जुळ्या मुलांना वेगळे करण्यात आले. तेथील गॅब्रिएल मुफारेझ आणि लंडनच्या ग्रेट ऑर्मंड स्ट्रीट रुग्णालयातील, मूळचे काश्मीरचे नूर उल ओवेस जीलानी यांनी हे काम संयुक्तपणे पार पाडले. एकूण सात शस्त्रक्रिया झाल्या. त्यांतील शेवटच्या दोन मिळून सुमारे ३३ तास चालल्या. त्याआधी काही महिने या मुलांच्या स्कॅनपासून बनविलेल्या आभासी प्रतिमेवर तयारी झाली होती आणि लंडन व रिओ येथील शल्यचिकित्सक एकाच आभासी खोलीत एकत्र येऊन सराव करीत होते. अशा जुळ्यांत मेंदूतील अशुद्ध रक्त वाहून नेणाऱ्या शिरा दोघांच्या समाईक असतात. कोणती शीर कोणाला द्यावयाची, हा निर्णय शस्त्रक्रियेच्या टेबलावर घेण्याजोगा नसतो. जो निर्णय आधीच घ्यावयाचा आहे, त्यासाठी आभासी वास्तवाइतके चांगले साधन आज दुसरे दिसत नाही.

प्रशिक्षणाचा मुद्दाही याला लागूनच येतो. कॅनडाच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेने विकसित केलेल्या सराव-यंत्रात पडद्यावरील गाठ काढताना हातातील उपकरणाला ऊतीचा विरोध जाणवतो. मॉन्ट्रियलच्या मॅक्गिल विद्यापीठातील रोलांडो डेल माएस्ट्रो यांच्या गटाने २०१९ साली ५० व्यक्तींच्या २५० आभासी शस्त्रक्रियांतील हातांच्या हालचालींचे संगणकीय विश्लेषण प्रसिद्ध केले. कोण तज्ज्ञ आहे व कोण विद्यार्थी आहे, हे संगणकाने ९० टक्के अचूकतेने ओळखले. कौशल्य ही आजवर गुरूच्या नजरेने पारखली जाणारी गोष्ट होती. ती मोजता येऊ लागली, हे महत्त्वाचे आहे. मात्र यंत्रावरील प्रावीण्य आणि रुग्णावरील परिणाम यांची सांगड घालणे हे अधिक अवघड काम आहे. यंत्रावर चांगला गुण मिळविणाऱ्याचे रुग्ण अधिक बरे होतात, असे गृहीत धरून चालता येणार नाही.

रुग्णाच्या बाजूने

आतापर्यंतचे विवेचन शल्यचिकित्सकाच्या डोळ्यांविषयी झाले. रुग्णाचे काय? मेंदूच्या शस्त्रक्रियेच्या संमतिपत्रावर सही करणाऱ्या माणसाला आपण कशाला संमती देत आहोत हे कितपत कळते, हा नीतिशास्त्राचा व कायद्याचाही प्रश्न आहे. एमआरआयच्या काळ्या-पांढऱ्या कापांवर डॉक्टरांनी बोट ठेवून सांगितलेले रुग्णाला क्वचितच उमगते. तो मान हलवितो ती बहुधा विश्वासापोटी. इटलीतील मिलान येथील कार्लो बेस्ता मेंदुविज्ञान संस्थेने २०२१ साली प्रसिद्ध केलेल्या तुलनात्मक चाचणीत, ज्या रुग्णांना आभासी वास्तवाच्या साहाय्याने स्वतःचीच गाठ दाखवून समजावून सांगितले गेले, त्यांची वस्तुनिष्ठ समज नेहमीच्या पद्धतीने माहिती मिळालेल्यांपेक्षा चांगली आढळली. स्टॅनफर्डसारख्या संस्थांत रुग्णाला त्याच्या मेंदूची अशी सफर घडविणे हा शस्त्रक्रियापूर्व भेटीचा भाग झाला आहे. चित्र जितके स्वच्छ व रंगीत, तितकी शस्त्रक्रिया सोपी, असा समज होण्याचा धोका यात आहेच. प्रतिमेत रक्त वाहत नाही, सूज येत नाही. हे रुग्णाला शब्दांनीच सांगावे लागते.

जागेपणी केल्या जाणाऱ्या शस्त्रक्रियांतील उपयोग तर विशेष विचार करण्याजोगा आहे. मेंदूच्या पृष्ठभागाला वेदना जाणवत नाही. म्हणून वाचा किंवा हालचाल यांच्या केंद्राजवळील गाठ काढताना रुग्णास जागे ठेवून बोलते करतात आणि विजेच्या सौम्य धक्क्याने कोणता भाग कोणते काम करतो हे पाहतात. मॉन्ट्रियलच्या वाइल्डर पेनफील्ड यांनी ही पद्धत विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात रूढ केली. चित्रे ओळखणे, आकडे मोजणे या चाचण्या टेबलावर पडल्यापडल्या करता येतात. दृष्टिक्षेत्राच्या कडेला काय दिसते हे तपासणे मात्र अवघड असते. फ्रान्समधील आंजे विद्यापीठ रुग्णालयात फिलिप मेनेई यांच्या गटाने जानेवारी २०१६ मध्ये रुग्णाला शस्त्रक्रिया चालू असतानाच आभासी वास्तवाचा चष्मा घातला. एका डोळ्याची दृष्टी आधीच गमावलेल्या त्या रुग्णाचे उरलेले दृष्टिक्षेत्र वाचविणे आवश्यक होते. चष्म्यात दाखविलेल्या प्रकाशबिंदूंना तो प्रतिसाद देत असताना शल्यचिकित्सकांना दृष्टितंतूंची मर्यादा समजत गेली. येथे चष्मा शल्यचिकित्सकाने नव्हे, रुग्णाने घातला होता. आणि प्रतिमा मेंदूवर चढवावयाची नसल्याने मेंदू सरकण्याचा प्रश्नच उद्भवला नाही.

पुनर्वसनात या तंत्राविषयीच्या अपेक्षा मोठ्या आहेत, पुरावा मर्यादित आहे. तुटलेल्या अवयवाच्या जागी जाणवणाऱ्या वेदनेवर व्ही. एस. रामचंद्रन यांनी १९९० च्या दशकात साध्या आरशाचा उपाय सुचविला. शाबूत हाताचे प्रतिबिंब पाहून मेंदूला गमावलेला हात हलत असल्याचा भास होतो. आभासी वास्तवातील अनेक उपचार हे याच आरशाचे वाढविलेले रूप होय. पक्षाघातानंतरच्या उपचारांविषयी कॉक्रेन संस्थेने २०१७ साली ७२ चाचण्यांचा आढावा घेतला. हाताच्या कार्यक्षमतेच्या दृष्टीने आभासी वास्तव नेहमीच्या व्यायामोपचारापेक्षा सरस ठरले नाही. नेहमीच्या उपचाराला जोड म्हणून, म्हणजे एकूण सरावाचा वेळ वाढविण्यासाठी, ते वापरले असता मात्र लाभ दिसला. याचा अर्थ असा की गुण मुख्यतः वाढलेल्या सरावाचा असावा. खेळाच्या रूपात व्यायाम दिल्याने रुग्ण कंटाळत नाही व अधिक वेळ करतो, हा लाभ लहान म्हणता येणार नाही. परंतु व्यायामोपचारतज्ज्ञाची जागा यंत्र घेईल, असा निष्कर्ष त्यातून काढता येत नाही.

आपल्याकडील विचार

भारतातील रुग्णालयांनी या तंत्रावर किती खर्च करावा, हा प्रश्न वरील विवेचनाच्या प्रकाशात पाहावयास हवा. उपकरणांचे आयुष्य अल्प असते. मायक्रोसॉफ्टने ऑक्टोबर २०२४ मध्ये होलोलेन्स २ चे उत्पादन थांबविल्याचे जाहीर केले. शल्यचिकित्सेतील कितीतरी संशोधन या एकाच चष्म्यावर आधारलेले होते. ज्या संस्थांनी आपल्या आज्ञावली त्याच्यासाठी लिहिल्या, त्यांना त्या अन्य उपकरणासाठी पुन्हा लिहाव्या लागतील. शासकीय किंवा महानगरपालिकेच्या रुग्णालयात खरेदीची प्रक्रिया पूर्ण होईपर्यंत उपकरण कालबाह्य होण्याचीच शक्यता अधिक. याउलट दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत आशिष सुरी यांच्या पुढाकाराने, दिल्लीच्याच आयआयटीच्या सहकार्याने, न्यूरोसर्जरीच्या प्रशिक्षणासाठी सराव-साधने विकसित करण्यात आली आहेत. वैद्यक व अभियांत्रिकी यांनी एकत्र येऊन स्थानिक गरजेचे साधन घडविण्याचा हा मार्ग आपल्याकडील संस्थांना अधिक जवळचा आहे.

समुपदेशनासाठी तर चष्म्याचीही आवश्यकता नाही. थ्रीडी स्लायसर ही मुक्तस्रोत आज्ञावली विनामूल्य उपलब्ध असून रुग्णाच्या सीटी किंवा एमआरआयपासून ती साध्या संगणकावर त्रिमितीय आकृती उभी करते. ती रुग्णसेवेतील निर्णयांसाठी प्रमाणित केलेली नाही. म्हणून तिच्यावरून शस्त्रक्रियेचा मार्ग ठरविणे योग्य नाही. गाठ कोठे आहे, डोळ्यांकडे जाणारा तंतू तिच्यापासून किती जवळ आहे, खिडकी कोणत्या बाजूने पाडली जाईल, हे रुग्णाला व त्याच्या नातेवाइकांना दाखविण्यास मात्र ती पुरेशी आहे. अशा आकृतीसोबत सांगावयाचा मजकूर सोप्या मराठीत, वैद्यकीय परिभाषा टाळून लिहिणे आणि तो रुग्णांना कितपत समजतो हे प्रश्नावलीने तपासणे, हे काम भाषा, मानसशास्त्र व संगणकशास्त्र या विभागांनी जवळच्या रुग्णालयाशी मिळून हाती घेण्याजोगे आहे. वैद्यकीय महाविद्यालयांत सामाजिक कार्यकर्ते रुग्णांच्या नातेवाइकांशी रोजच बोलत असतात. त्यांना कोणते प्रश्न पुन्हा पुन्हा विचारले जातात, याची नोंद करण्यापासून त्याची सुरुवात करता येईल.